चि. सौ. कां. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम हिस अनावृत पत्र

समता कॉलोनी, रायपूर

चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, माहिती तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमाचे शेवटचे सत्र पुन्हा एकदा संपत आले असून, तीन-चार विद्यार्थ्यांच्या गटाने मिळून करावयाच्या आणि या परिसरात 'मेजर प्रोजेक्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामासाठी यंदाही चिरंजीवाचीच निवड झाल्याचे कळते. सौभाग्यकांक्षिणी हे विशेषण एरवी एकाच लग्नपत्रिकेत छापले जाते. चिरंजीवाच्या बाबतीत मात्र ते दरवर्षी नव्याने छापावे लागते, कारण बोहल्यावर उभे राहण्याचा प्रसंग दरसाल येतो आणि सासरी, म्हणजे एखाद्या खऱ्या ग्रंथालयात, नांदायला जाण्याचा प्रसंग काही येत नाही.

चिरंजीवाचा पेहराव काळाप्रमाणे बदलत गेला, हे मान्य केले पाहिजे. आरंभी ती व्हिज्युअल बेसिक आणि अॅक्सेस यांत अवतरली, पुढे पीएचपी आणि मायएसक्यूएल यांत, आणि अलीकडे मोबाइल अॅप होऊन. परंतु रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत नाव, आत प्रमाणपत्र, त्यामागे हे काम आमचे स्वतःचे आहे असे प्रतिज्ञापत्र, आणि काही प्रतींत त्याच प्रतिज्ञापत्राच्या तळाशी पुसायचा राहून गेलेला मागच्या तुकडीतील कोणाचा तरी रोल नंबर, हा अंतर्भाग जसाच्या तसा राहिला. तिसऱ्या प्रकरणात 'वॉटरफॉल मॉडेल' येते, म्हणजे आधी सर्व गरजा लिहून काढाव्यात, मग आराखडा करावा, मग प्रोग्राम लिहावा आणि शेवटी चाचणी घ्यावी, अशी एकामागून एक पायऱ्यांची पद्धत. विन्स्टन रॉइस याने १९७० च्या ज्या लेखात या पायऱ्यांची आकृती काढली, त्याच लेखात ही पद्धत अशीच वापरल्यास धोका संभवतो, असे त्याने बजावले होते. चिरंजीवाच्या पोटात आकृती तेवढी उतरली आणि इशारा वाटेतच गळाला. नाही म्हणायला एक धोका चिरंजीवाने टाळलाही आहे: सर्व गरजा आधी लिहून काढण्यासाठी कोणाला तरी भेटावे लागते, आणि ती तसदी तिने कधी कोणास दिली नाही.

आता मुख्य विषयाकडे. चिरंजीवाच्या उदरात 'बुक' नावाचा एक तक्ता असतो. त्यात पुस्तकाचा क्रमांक, नाव, लेखक, किंमत आणि संख्या असे रकाने असतात, आणि हा तक्ता तिसऱ्या 'नॉर्मल फॉर्म'मध्ये आहे असे अहवाल छातीठोकपणे सांगतो. एडगर कॉड याने १९७० साली माहितीच्या संबंधात्मक मांडणीचा जो सिद्धान्त मांडला, त्यातून पुढे आलेल्या या शिस्तीचा सारांश एवढाच की, एक बाब एकाच ठिकाणी नोंदवावी आणि एका खणात एकच गोष्ट ठेवावी. या शिस्तीची परीक्षा घेण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले आणि त्याचा हिंदी अनुवाद माधवराव सप्रे यांनी केला. हे सप्रे म्हणजे १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, समर्थांचा दासबोधही हिंदीत नेणारे आणि १९२६ साली याच रायपुरात देह ठेवणारे. चिरंजीवाच्या तक्त्यात लेखकाला रकाना आहे, अनुवादकाला नाही. तेव्हा एक तर सप्रे गळतात, किंवा टिळकांच्या शेजारी स्वल्पविराम देऊन त्यांना कोंबले जाते. आणि एका खणात दोन नावे शिरली की तिसरा तर राहोच, पहिला नॉर्मल फॉर्मही टिकत नाही.

पुढे असे की, मराठी प्रतीवर 'टिळक' असते आणि हिंदी प्रतीवर 'तिलक'. ग्रंथपाल यासाठी अधिकृत नामसूची ठेवतात, म्हणजे एका व्यक्तीची सर्व रूपे एका ठरलेल्या नावाशी जोडून देतात, जेणेकरून कोणत्याही रूपाने शोध घेतला तरी दोन्ही पुस्तके सापडावीत. चिरंजीवास ही सूची ठाऊक नाही. तिच्या लेखी हे दोन वेगळे गृहस्थ आहेत आणि ते एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यात जुनी यादी जर कृतिदेव फाँटमध्ये टंकलेली असेल, तर प्रकरण आणखी बिघडते, कारण त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी संगणकाच्या पोटात साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे युनिकोडमध्ये टंकून शोध घेणाऱ्याला कृतिदेवातले टिळक जन्मात सापडणार नाहीत. एवढा एक प्रश्न नीट सोडवण्यात विदारचना, शोधपद्धती आणि लिपीसंकेत हे तीनही विषय शिकून होतील, आणि तेही सोनेरी अक्षरांवाचून.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. समता कॉलोनीपासून फार दूर नसलेल्या जी. ई. रोडवर, म्हणजे जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवर,  नालंदा परिसर हे चोवीस तास उघडे राहणारे वाचनालय २०१८ साली सुरू झाले. दंड आकारताना चिरंजीव रात्री बाराला दिवस संपला असे धरते. जेथे रात्री बारालाही मुले वाचत बसलेली असतात, तेथे पावणेबाराला घेतलेल्या पुस्तकाचा पहिला दिवस पंधरा मिनिटांत संपवावा काय? शिवाय स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी बहुधा स्वतःचीच पुस्तके घेऊन येतो. त्याला हवी असते ती बसायला जागा. खुर्ची उसनी देण्याची सोय चिरंजीवाच्या कोणत्याही आवृत्तीत आढळत नाही. ती असलीच तर 'फ्यूचर स्कोप' या शेवटच्या प्रकरणात असेल, जेथे बारकोड आणि एसएमएस वर्षानुवर्षे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत.

हा दोष कोण्या एका महाविद्यालयाचा म्हणून सांगितलेला नाही. चिरंजीवाचे माहेर नागपूर, पुणे, बिलासपूर असे सर्वत्र आहे. विद्यार्थ्यांनाही एकट्यांना दोष देता येत नाही. एका मार्गदर्शकाकडे अनेक गट असतात, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला, ज्याला मुले नुसते 'एक्स्टर्नल' म्हणतात, एका दिवसात ते सर्व उरकायचे असतात, आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला येणाऱ्या थोडक्या वेळात मोजता येते ती अहवालाची जाडी. जे मोजले जाते तेच मुले तयार करतात. यात त्यांची बुद्धी मंद नसून चांगलीच व्यवहारी असल्याचे दिसते. २०२४-२५ पासून बीसीएसारखे अभ्यासक्रमही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, परंतु मान्यता देणारा बदलला म्हणून तोंडी परीक्षेची, म्हणजे व्हायवाची, मिनिटे वाढत नाहीत.

म्हणून चिरंजीवाच्या सर्व पालकांना, अर्थात मार्गदर्शकांना आणि विभागप्रमुखांना, विनंती आहे की यंदा तिला एकदाचे सासरी धाडावे. पलीकडच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, शहरात शाळा आहेत, आणि ज्यांची पुस्तके अजून वहीत नोंदली जातात अशा संस्थाही सापडतील. त्यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी, तेथील माणसाच्या हाती देऊन, ती एक महिना चालवून पाहावी. प्रमाणपत्राच्या पानावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि परीक्षक यांच्या सह्यांखाली चौथी सही त्या ग्रंथपालाची असावी, आणि ती नसेल तर प्रकल्पाचे गुण देऊ नयेत.

कळावे, लोभ असावा.