पेस्टलवाली आई

ईस्टर जवळ आला की अमेरिकेतल्या उपनगरांत ही बाई ओळखू येऊ लागते. दुकानात अंड्यांच्या फ्रीजसमोर उभी राहून ती एकेक खोका उघडून बघते. बाकीचे लोकही उघडून बघतात, पण त्यांना फुटकं अंडं टाळायचं असतं. ही शुभ्रपणा तपासत असते. तपकिरी अंडी तिला चालत नाहीत, त्यांच्यावर रंग मळकट येतो म्हणे. तिला हवेत पेस्टल रंग. फिकट गुलाबी, फिकट निळा, कोवळा पिवळा. आणि तेही पाच वर्षांच्या थोरल्याच्या आणि दोन वर्षांच्या धाकटीच्या हातून. हे दोन्ही एका वेळी जमणार नाही असं नवऱ्याने एकदा सुचवलं होतं. तेव्हापासून त्याच्याकडे फक्त अंडी उकडायचं खातं आहे.

तिची जिद्द मोठी. २०२५ च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूमुळे अंड्यांचा सरासरी भाव डझनाला सहा डॉलरच्या वर गेला. कुणीतरी म्हणालं, यंदा बटाटे रंगवा. तिने त्या माणसाकडे नुसतं पाहिलं आणि तीन डझन अंडी घेऊन आली.

या जातीत आता आपल्या बायकाही आहेत. न्यू जर्सीतल्या एका घरी कार्यक्रम गराजमध्ये होतो, कारण भारतातून आलेल्या सासूबाई अंडं ओट्यावर टेकू देत नाहीत. ‘‘एवढी हौस आहे तर पणत्या रंगवा की,’’ असं त्या दारातून सांगतात. पण गराजची जमीन सिमेंटची असल्याने सोवळ्याचा हा फायदा सुनेला मनातून मान्य आहे.

सुरुवात छान होते. टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, मुलांच्या अंगात बापाचे जुने टी-शर्ट, सहा मगांत सहा रंग. रंगाच्या या पुड्या १८८० च्या दशकात नेवार्कच्या विल्यम टाऊनली नावाच्या औषधविक्रेत्याने विकायला काढल्या, ही माहिती ती सांगते. कुणीही विचारलेली नसते. मग व्हिनेगर. आम्ल असलं की रंग कवचाला धरतो. ‘‘बुडबुडे का येतात?’’ थोरला विचारतो. आई खुलते. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की... इथवर येईपर्यंत धाकटीचा हात मनगटापर्यंत निळ्या मगात गेलेला असतो.

अंडं उचलायला पुडीत तारेची एक कडी येते. तिच्यावर अंडं ठेवायचं आणि अलगद बुडवायचं. ‘अलगद’ हा प्रकार पाच वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतो. अंडं वरून पडतं, रंग भिंतीवर जातो, कवचाला तडा जातो आणि आतला पांढरा बलकही निळा होतो. धाकटीला बुडवण्यात रस नसतो. तिला अंडं दाबून बघायचं असतं. मग थोरल्याला शास्त्र सुचतं : सगळे रंग एकाच मगात ओतले तर? ओततो. त्यातून जे अंडं निघतं ते पक्कं तपकिरी असतं. दुकानात आईने बाजूला सारलेलं, अगदी तेच.

पसाऱ्याला घाबरणाऱ्यांत ती एकटी नाही. वॉशिंग्टनमधली मुलं कॅपिटॉलच्या उतारावर अंडी घरंगळवत, तेव्हा हिरवळ खराब होते म्हणून काँग्रेसने १८७६ साली त्या आवाराचं खेळाचं मैदान करायला कायद्याने बंदी घातली. १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी मुलांना व्हाइट हाऊसची हिरवळ मोकळी करून दिली, आणि ती प्रथा आजही चालू आहे. हेजना ते औदार्य परवडलं, कारण आवरायला त्यांना स्वतःला वाकायचं नव्हतं.

पंधरा मिनिटांत मुलं सायकलकडे पळतात. दोन डझन अंडी उरलेली. ती एकटी बसते, मेणाच्या खडूने पांढऱ्या रेघा ओढते, रात्री उशिरापर्यंत पेस्टल करते. रविवारी चर्चमध्ये धाकटीच्या पांढऱ्या फ्रॉकखाली हिरवे गुडघे दिसतात, ते ती बायबल आडवं धरून झाकते.

मग आजीला फोटो जातो. टोपलीत एकसारखी, मंद रंगांची अंडी. खाली ओळ : ‘मुलांनी केली!’ थोरला फोटो नीट निरखतो. ‘‘यात माझं नाही,’’ म्हणतो, ‘‘माझं तपकिरी होतं.’’ आणि फ्रीज उघडून शोधू लागतो. ते अंडं बापाने सकाळीच मीठ-मिरपूड लावून खाल्लेलं असतं.