मॉडेलचं भरीत

भरताचं वांगं चितारायला घेतलं, तर ते संध्याकाळच्या आत संपवावं लागतं. चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी बहुधा स्वयंपाक होत नसावा. आमच्याकडे स्थिरचित्रातली एकही वस्तू स्थिर नसते. जेवणाच्या टेबलावर मी दोन केळी, एक वांगं, पितळी तांब्या आणि मागे निळी चादर अशी रचना मांडतो. चादरीच्या चुण्या कुठे जमू लागतात, तोवर नातवाने एक केळं खाल्लेलं असतं. तांब्या पूजेला जातो. मग उरलेल्या वांग्याच्या पोटावरची चकाकी मी जीव मुठीत धरून कोरी सोडत असतो, तेवढ्यात आतून आवाज येतो, "अहो, तुमचं वांगं झालं का? गॅस रिकामा आहे."

खरं तर मराठी माणसाला चित्रकला वेगळी शिकवायची गरजच पडू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एक तरी प्रत्येक घरात कुणी ना कुणी दिलेली असते. मीही दिली होती, आणि 'क' श्रेणी मिळवली होती. त्या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असे. आमचा अख्खा वर्ग पाणवठ्यावरच्या बायका काढायचा. त्या सगळ्या पाठमोऱ्या असत, कारण चेहरा कुणालाच येत नसे. हात पदराखाली गेलेले. पाय गुडघाभर गवतात. पाणवठा कोकणातला असो की मराठवाड्यातला, गवत तेवढंच. तोंड, हात आणि पाय टाळून माणूस उभा करण्याचं हे कसब मला पुढे बँकेतल्या नोकरीत अहवाल लिहिताना फार उपयोगी पडलं. आता म्हणे या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे गवत आणखी वाढलं असणार.

निवृत्तीनंतर मी रविवारच्या स्केचिंगच्या वर्गाला नाव घातलं. सर माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "काका, एक एचबी पेन्सिल आणि एक साधी वही आणा. बाकी काही नको." ही सूचना ऐकून मी थेट अप्पा बळवंत चौकात गेलो आणि तिथून जे घेऊन आलो, ते ठेवायला पेटी लागली. पेटीही घेतली.

पेन्सिलींचंच घ्या. त्यांच्यावरचे एच आणि बी म्हणजे काय, हे आयुष्यभर पेन्सिल कानावर ठेवूनही मला ठाऊक नव्हतं. फ्रान्सची इंग्लंडशी लढाई जुंपली, इंग्लंडचं अस्सल ग्राफाइट येईनासं झालं, तेव्हा काँते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने हलक्या ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत कालवून भट्टीत भाजली आणि 1795 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त घातली की शिसं कडक आणि फिकं, ते एच. ग्राफाइट जास्त असलं की मऊ आणि काळं, ते बी. म्हणजे ज्याला आपण शिसपेन्सिल म्हणतो, त्यात शिसं औषधालाही नाही. ही माहिती मी घरात सगळ्यांना दोनदा सांगितली. चित्र मात्र कडक पेन्सिलीने काढलं की दिसेना आणि आठ-बीने काढलं की चित्र सोडून माझा तळहात, बाही आणि टेबलाची कड दिसू लागली.

कोळसा हा त्यापुढचा अध्याय. झाडाच्या बारीक काटक्या हवा लागू न देता भाजतात, की स्केचिंगचा कोळसा तयार. वजनाला फुलासारखा, आणि कागदावर फिरवला की सावल्या अशा उतरतात, की आपणच थक्क होतो. फक्त तो कागदावर थांबत नाही. फ्रिजची मूठ, टीव्हीचा रिमोट, नातवाची गणिताची वही असा त्याचा संचार सुरू झाला. दुधाच्या पिशवीवरही माझा अंगठा उमटला. शेजारच्या काकूंनी आमच्या हिला हळूच विचारलं, "यांनी आता जुन्या गाड्या दुरुस्त करायला घेतल्यात का?"

त्यात हा कोळसा खोडायला पाव वापरतात. ही थट्टा नाही. रबराने पेन्सिल पुसता येते हे 1770 च्या सुमाराला युरोपात माहीत झालं, त्याआधी तिकडचे चित्रकार पावाच्या मऊ गाभ्यानेच रेघ उचलत, आणि कोळशासाठी अजूनही कित्येक जण तसंच करतात. मी पावाची लादी आणली. गाभ्याच्या गोळ्या करकरून उजेड पाडला. कडा उरल्या, त्यांचं काय करायचं हे पुस्तकात नव्हतं. घरात मात्र होतं. त्या आठवड्यात पावाच्या कडांची फोडणी इतक्या वेळा झाली, की हिने सरांचा फोन नंबर मागितला.

मग शाई. खोडायचा प्रश्नच नको म्हणून मी बोरू घेतला. रेम्ब्राँ आणि व्हॅन गॉगही बोरूने चित्रं काढत, हे कळल्यावर तर माझी मानच ताठ झाली. बोरूची गंमत अशी, की शाई भरपूर असताना रेघ जाड आणि उर्मट येते, आणि ती संपत आली की नेमकी सुंदर, तुटक, थरथरती येते. म्हणजे चांगली रेघ आली रे आली, की शाई संपलेली असते. मी सरांकडे तक्रार घेऊन गेलो: पेन्सिल फिकी पडते, कोळसा पसरतो, बोरू ऐकत नाही, तर आता जलरंग घ्यावेत का? सरांनी माझी वही शांतपणे चाळली. म्हणाले, "घ्या की. साधन बदललं की चूक बदलते. तेवढाच विरंगुळा."

कागदाबद्दल मी फार बोलणार नाही, दुखतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मी काही जाड, खरखरीत, कडा फाटक्या ठेवलेले कागद आणले. इतके देखणे, की त्यांच्यावर रेघ मारायचा धीर होईना. ते कपाटात गादीखाली सपाट करून ठेवले आहेत. पाहुणे आले की काढून दाखवतो. माझ्या संग्रहातलं सगळ्यांना आवडलेलं काम आजवर तेच.

वस्तू झाल्या, आता बाहेर पडा, असं सर म्हणाले. जगभर शहरांतून हौशी लोक वही घेऊन रस्त्यावर बसतात आणि समोर दिसेल ते तिथल्या तिथे काढतात. मी महात्मा फुले मंडई निवडली. 1886 सालची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. आठ कोनांपैकी डोळ्यांना नेमके किती दिसतात, यावर मी अजून ठाम नाही. घडीची खुर्ची टाकून बसलो. प्रमाण मापायची रीत अशी, की हात ताठ करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर खालीवर सरकवायचा. ते मी मनापासून करू लागलो. पण समोरच्या पथारीवाल्यांना काय दिसलं? पायांत बूट, हातात पॅड घेतलेला एक पोक्त इसम त्यांच्या पथाऱ्यांची मापं घेतोय. पाहता पाहता टोपल्या उचलल्या जाऊ लागल्या. एकजण धावतच आला. "साहेब, पाच मिनिटं द्या, आवरतोच."

"अहो, मी अतिक्रमणवाला नाही. चित्र काढतोय."

"हो हो," तो मिरच्या पोत्यात भरत म्हणाला, "मागल्या वेळीही आधी फोटोच काढले होते."

समोरचा देखावा तोवर रिकामा झाला होता. भाजीवाल्या एक मावशी तेवढ्या हलल्या नाहीत, म्हणून मी त्यांनाच काढायला घेतलं. थोड्या वेळाने त्या स्वतःच उठून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ही मी व्हय?"

"हो."

"आन् हा धोंडा कशाला काढलाय शेजारी?"

"कोबी आहे तो."

त्यांनी बराच वेळ कोबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असला माल मी ठेवत न्हाई," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

मंडईत बसलात की मागे कुणीतरी उभं राहणारच, आणि पुण्यात मागे उभा राहणारा गप्प राहत नाही. एका गृहस्थांनी हातातली पिशवी खाली ठेवून नीट न्याहाळलं. "मनोरा उजवीकडे कललाय."

"सरळ करतो."

"राहू द्या. असल्या मनोऱ्यावर इटलीत तिकीट लावतात."

धुरंधरांची चित्रं मी त्या काळात आदराने आणि बऱ्याचशा असूयेने पाहत असे. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आपल्या एकेचाळीस वर्षांवर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या चित्रांतल्या बाईचं नऊवारी बघा: निरी कुठून निघाली, कुठे खोचली, चालताना कुठे ताणली गेली, सगळं कळतं, आणि पाऊल टाकतानाचा पायसुद्धा असतो! गवत नाही. उलट आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. ने प्रवेशच नाकारला होता, ही हकीकत सगळ्या हौशी चित्रकारांना पाठ असते आणि ते ती संधी मिळताच सांगतात. मीही सांगतो. लक्ष्मण यांना कावळ्यांचं वेड. म्हणून मी गॅलरीत बसून कोळशाने कावळे काढू लागलो. कावळा मान इतकी भराभर वळवतो, की एका देहावर तीन चोची येतात. सरांनी ते पान बघितलं. म्हणाले, "छत्री चांगली आहे. उघडता-मिटतानाची दाखवलीत."

जलरंगांसाठी आमचा वर्ग वाईला गेला. वाई आणि मेणवलीचे घाट चित्रकारांच्या इतके सवयीचे झाले आहेत, की तिथली कुत्रीसुद्धा आपणहून योग्य जागी बसतात. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, घाटावर देवळाबाहेर टांगलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. बाकीचे सगळे घंटेभोवती गोळा झाले. मी पाण्यात बसलेली एक म्हैस हेरली. पाण्यात बसली म्हणजे पायांचा प्रश्न मिटला. शिवाय काळा रंग भरपूर होता. पाण्याचा पहिला हात दिला, म्हशीची पाठ उतरली, शिंगंही चक्क जागच्या जागी आली, आणि मी मागे सरून बघत होतो तोच ती पायांसकट उठून, कृष्णामाई अंगावरून निथळवत, तीन-चार उड्यांत घाट चढून गेली. त्या चित्राला मी 'कृष्णेतील खडक' असं नाव दिलं. वर्गाच्या प्रदर्शनात एका बाईंना ते आवडलं.

बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन बाईंचं एक पुस्तक आहे, 1979 सालचं. त्यांचं म्हणणं, आपण बघतो ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतो. नाक दिसलं की हात आधीपासून पाठ असलेलं नाक काढून मोकळा होतो. म्हणून चित्र उलटं टांगायचं आणि उलटंच काढायचं. मग नाक नाक राहत नाही, नुसत्या रेघा उरतात. हे इतकं पटलं, की मी दिवाणखान्यातला सासरेबुवांचा फोटो खिळ्यावर उलटा टांगला आणि समोर बसलो. मिशांची डावी बाजू फार सुरेख उतरत होती. त्याच वेळी बेल वाजली आणि मेहुणे सपत्निक आत आले. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सगळं ठीक आहे ना? कधीपासून चाललंय हे?"

आता माणसांबद्दल. माझी एक अडचण आहे, आणि ती साधनांची नाही; सगळी वापरून पाहिली. मी कुणाचाही चेहरा काढला, तरी तो माझ्या मोठ्या मामांसारखा होतो. एसटी स्टँडवर झोपलेला कंडक्टर काढला, मामा झाले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मामा झाला. उलट्या टांगलेल्या सासरेबुवांचं चित्र सरळ केलं, तर मिशा लावलेले मामा. नातीचं पहिलं चित्र पाहून सूनबाई काही बोलली नाही, पण तिने ते फ्रिजवर लावलंही नाही. कागदाकडे न बघता, नजर फक्त समोरच्या चेहऱ्यावर ठेवून एका रेषेत काढायचा एक सराव असतो. तोही केला. डोळा कानाखाली गेला, हनुवटी कागदाबाहेर गेली, तरी जे काही उरलं त्यात मामा होते.

सर म्हणाले, "मग त्यांनाच बसवा ना समोर. निदान एक तरी हुबेहूब होईल."

दिवाळीत मामा आले. वय झालंय, पण बसणं अजून ताठ. मी खिडकीपाशी खुर्ची ठेवली, डावीकडून उजेड घेतला, हातकागदापैकी एक कागद धीर करून गादीखालून काढला, आणि कोळसा, बोरू, पाव सगळं हाताशी मांडलं. मामा अजिबात हलले नाहीत. माझ्या आयुष्यातलं पहिलंच खरं स्थिरचित्र. आयुष्यभर सराव झालेला चेहरा, हात नुसता धावत होता. संपल्यावर मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा बदलला, कागद लांब धरला, जवळ घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! अगदी हुबेहूब!" मामा म्हणाले. "हे माझे नागपूरचे साडू. पण तू त्यांना कधी पाहिलंस?"