करून-बघू सर

आमच्या शाळेत आठवी आणि नववी या वर्गांमधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नाही. वर दीड हाताची फट आहे. त्या फटीतून गेली अकरा वर्षं नववीचं विज्ञान माझ्या आठवीच्या मराठीत येत असतं. मी फळ्यावर 'मध्यमपदलोपी' लिहावं, पलीकडून 'फट्ट' असा आवाज यावा, मागोमाग चाळीस पोरांचा गलका, मग क्षणभर शांतता आणि त्या शांततेत सरांचा प्रसन्न प्रश्न : "हं! असं का झालं?"

तोवर माझ्या वर्गाचं लक्ष लोप पावलेलं असतं. पूर्वपदासकट.

सरांचं खरं नाव मस्टरवर आहे. मुलांमध्ये ते 'करून-बघू सर'. काहीही विचारा, तोंडातून पहिले दोन शब्द तेच निघतात. वहिनी सांगतात, बघण्याच्या कार्यक्रमात "मुलगी पसंत आहे का?" असं विचारल्यावरही हेच उत्तर आलं होतं आणि बैठक अर्धा तास तहकूब करावी लागली होती.

शाळेला प्रयोगशाळा आहे, नाही असं नाही. ती हेडसरांच्या खोलीतल्या कुलुपबंद कपाटात आहे. एखादी परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरात नोंद, नोंदीवर खुलासा, खुलाशावर शेरा एवढी यातायात असल्याने ती कधी फुटत नाही. म्हणजे बाहेरच येत नाही. सरांची प्रयोगशाळा खताच्या पिशवीतून शिवून घेतलेल्या थैलीत असते. फुगे, गोट्या, सुया काढलेल्या सिरिंजा, मेणबत्त्यांची थोटकं, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे असंख्य तुकडे. काड्यापेटीच्या काड्या आणि ही व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमिती उभी करायची युक्ती अरविंद गुप्तांची. सरांनी ती इतकी मनावर घेतली की गावातल्या सायकलवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांच्या घरी सायकली किती आहेत?"

एकही नाही. सर चालत येतात.

तपासणीच्या दिवशीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. हवेला दाब असतो, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, हे साहेबांना सांगून भागलं असतं. पण ते करून बघायचं होतं. काठोकाठ पेला, त्यावर पोस्टकार्ड, पेला उपडा, हात बाजूला. पाणी पडलं नाही. इथे कोणताही शहाणा मास्तर थांबला असता. सर मात्र तो उपडा पेला घेऊन साहेबांना जवळून दिसावा म्हणून त्यांच्या टेबलाकडे निघाले. पोस्टकार्डाने भिजत भिजत चार पावलं साथ दिली, पाचव्याला सोडली. पाणी तपासणी अहवालावर पडलं. रुमालाने अहवाल टिपत सर म्हणाले, "साहेब, यात हवेचा काही दोष नाही."

त्या वर्षीचा आमचा शेरा शाईसकट वाहून गेला. तो चांगलाच असणार, असं आम्ही धरून चालतो.

सूर्यमाला शिकवताना ते वर्ग सोडून गावात जातात. पुस्तकातल्या चित्रात ग्रह पंगतीला बसल्यासारखे खेटून असतात, याचा त्यांना मनस्वी राग आहे. शाळेच्या ओट्यावर सोललेला नारळ ठेवायचा, दहा सेंटिमीटर व्यासाचा; तो सूर्य. त्या मापाने पृथ्वी म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, आणि ती पावणेअकरा मीटरवर. गुरू हा काबुली चणा, छप्पन्न मीटरवर, म्हणजे फाटकाच्या बाहेर. नेपच्यून हा मुगाचा दाणा. तो हातात घेऊन एका मुलाने जवळजवळ सव्वातीनशे मीटर चालत जायचं. त्या अंतरावर आमच्याकडे एसटी स्टँड आहे, आणि स्टँडवर वडापावची गाडी. नेपच्यून व्हायला वर्गात दरवर्षी भांडणं होतात. एका वर्षीचा नेपच्यून तास संपला तरी परतला नाही. सर शांत होते. "त्याला एक फेरी मारायला १६५ वर्षं लागतात," म्हणाले.

हेडसरांनी कौतुकाने विचारलं, "आणि यानंतरचा जवळचा तारा कुठे?" सरांनी हिशोब आधीच केलेला होता. दुसरा नारळ सुमारे २,९०० किलोमीटरवर, म्हणजे बँकॉकला ठेवावा लागेल. हेडसरांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं, हा सहलीचा अर्ज आहे.

पण सरांना खरं पाहायचं असेल तर विज्ञान प्रदर्शनात पाहावं. दरवर्षी कुणीतरी कागदाच्या लगद्याचा शंकू करून आणतं, त्यात खायचा सोडा, वर व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उतू जातो, परीक्षक टाळ्या वाजवतात, सर कपाळावर हात मारतात. "सह्याद्रीच्या अंगणात राहून फुजियामा कसले करता रे! आपल्याकडे शंकू नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, थरावर थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी." मग एके दिवशी ते स्टोव्ह, तवा आणि वहिनींनी भिजवलेलं धिरड्याचं पीठ घेऊन वर्गात आले.

भिंतीवरच्या फटीतून त्या दिवशी विज्ञानाचा वास आला. माझ्या वर्गाने अलंकार सोडले. मीही सोडले आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो.

एक धिरडं तव्यावर पसरलं. "बघा, ओतलं एका जागी, गेलं सगळीकडे." पृष्ठभागावर बुडबुडे फुटून जाळी पडली. "वायू निघून गेला, भोकं राहिली. लाव्ह्यातही अशीच भोकं राहतात आणि पुढे त्यांतच ते पांढरे, चमकणारे झिओलाइटचे स्फटिक धरतात." दुसरं धिरडं घालण्यापूर्वी त्यांनी पहिल्यावर लसणीची लाल चटणी पसरली. ही कशाला? तर दोन लाव्ह्यांच्या मध्ये मोठा काळ जातो, वरचा थर झिजतो, माती होते, आणि त्या मातीवर पुन्हा तप्त लाव्हा येतो. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये दिसते ती लाल पट्टी म्हणजे ही चटणी. अकरा धिरड्यांचा सह्याद्री झाला. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा वर सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि खाली ग्रॅनाइट, हे सांगताना सरांनी ढिगात वरून पेन्सिल खुपसली. "सव्वा किलोमीटर धिरडी, खाली तवा!" त्यानंतर नववीने सह्याद्री खाल्ला. मला कळसूबाईच्या बाजूचा तुकडा मिळाला. मीठ जरा कमी होतं.

सहामाहीत 'दख्खनचे पठार कसे तयार झाले?' या प्रश्नाला एकाने 'धिरड्यांपासून' असं एका शब्दात उत्तर लिहिलं. सरांनी अर्धा गुण दिला. उरलेला का कापला, तर त्याने चटणी लिहिली नव्हती.

सगळेच प्रयोग त्यांच्या वाट्याला आले असं नाही. आमच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यातला एक दिवस मेच्या सुट्टीत येतो, दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि आमच्या पाटण तालुक्यात ऑगस्टमध्ये सूर्य असतो ही अफवा आहे. तरी सर दरवर्षी छत्री धरून मैदानात पाइप उभा करतात. "सावली नाही ना पडली?" असं मामा विचारतात. सर म्हणतात, "नाही. पण हा पुरावा धरता येणार नाही."

मामा म्हणजे आमचे शिपाई. भूकंपाच्या धड्यात ते सरांचे गुरू झाले. सरांनी अठ्ठावीस पोरं व्हरांड्यात एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी केली होती. शेवटच्याने पुढे ढकललं की धक्का रांगभर सरसर जातो, ती पी लहर. तो डावी-उजवीकडे डोलला की डोलणं सावकाश पुढे जातं, ती एस. पी आधी पोचते, एस मागून. दोन्हींमधले सेकंद मोजायचे आणि आठाने गुणायचे, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळ कळतं. रांगेच्या तोंडाशी, सही घ्यायला म्हणून, हेडसर नेमके त्याच वेळी आले. पी लहर त्यांना पोटात लागली. एस पोचेपर्यंत ते खाली बसलेले होते.

मामा हसले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते, घर कोयनेच्या खोऱ्यात. "सर, पहाटेचं झोपेत होतो. आधी आवाज आला, ट्रक भरून दगड ओतल्यावानी. मंग घर हाललं." सर दोन पावलं पुढे आले. "तो आवाज म्हणजेच पी, मामा! तुम्ही पी ऐकलाय!" त्यानंतर महिनाभर ते मामांकडे अशा नजरेने बघत होते, की जणू मामांनी पंढरपुरात प्रत्यक्ष कुणाला पाहिलंय. आमच्या भागात बारीकसारीक धक्के अधूनमधून बसतात. एक दिवस आपणही मोजायचा, असं सरांनी ठरवलं. हातात सेकंदकाट्याचं घड्याळ आलं. रात्री उशाशीसुद्धा.

तो आला एका मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर. मी 'वाक्यपृथक्करण' लिहीत होतो. खालून गुरगुर ऐकू आली, मग खडू हातात थरथरला, कौलं खडखडली. आम्ही सगळे नियमाप्रमाणे मैदानात. पाचवी आली, सहावी आली, हेडसर आले. नववी आली नाही. खिडकीतून सरांचा आवाज मात्र येत होता : "कोण हलवतंय रे पाट? मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलं ना!"

गोट्यांवर पाट ठेवून, पाटावर काड्यांच्या चौकोनी आणि तिकोनी इमारती उभ्या करून सर त्या क्षणी भूकंपाचाच प्रयोग मांडत होते. चौकोनी सगळ्या पडल्या, तिकोनी उभ्या राहिल्या. प्रयोग आयुष्यात प्रथमच पुस्तकातल्यासारखा झाला होता आणि सर पोरांवर ओरडत होते.

मामांनी जाऊन सांगितलं. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. आधी मुलं मोजली, सगळी होती. मग मैदानभर फिरून एकेकाला विचारलं, "आवाज आणि हलणं, मध्ये किती सेकंद?" पाचवीने 'शंभर' सांगितलं. हेडसरांनी 'कार्यालयीन वेळेत झाला' एवढंच सांगितलं. मामा म्हणाले, "तीन असतील."

"तीन आठे चोवीस," असं सरांनी तळहातावर लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी स्टँडकडे निघालो, तर सर ओट्यावर बसलेले. मोठ्या धक्क्यामागून लहान येतात म्हणे. पुढ्यात पाण्याने काठोकाठ भरलेली परात, शेजारी वही, मनगट डोळ्यांसमोर. मी जवळ जाऊन काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"पाय जरा हळू टाका हो. मघापासून तुमचेच तरंग येतायत."