गड्डा, गाबा आणि सिलेक्टर अण्णा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात कुणी कुणाला "मग, कधी जायचं?" असं विचारलं, तर कुठे हे विचारावं लागत नाही. होम मैदानावर गड्डा, म्हणजे आमची जत्रा, भरलेला असतो. 2021 साली मात्र करोनाच्या धास्तीनं सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे विधी मोजक्या मानकऱ्यांत उरकायचं ठरलं आणि गड्डा काही भरला नाही. ना पाळणे, ना मौत का कुआँ, ना भज्यांचा वास. एवढं मोकळं मैदान आणि एवढी मोकळी माणसं सोलापूरला सोसत नाहीत. त्यात 11 तारखेला, सोमवारी, सिडनीची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी अनिर्णित सुटली. मालिका एक-एक अशी अडली आणि शेवटचा सामना शुक्रवारपासून ब्रिस्बेनला, गाबा मैदानावर.

"गड्डा नाही तर गाबा!" असं म्हणून सिलेक्टर अण्णांनी चहाच्या टपरीवर बैठक मारली ती शुक्रवार पहाटेपर्यंत हलवली नाही.

अण्णांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म जेकार्डची कार्डं पाडण्यात घालवला. चादरीवर जो मोर किंवा वेलबुट्टी दिसते, ती आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात आणि मग जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून मागाला शिकवतात. भोक असेल तिथं दोरा उचलायचा, नसेल तिथं सोडून द्यायचा. अण्णा निवृत्त झाले तेव्हा बाद कार्डांचा एक गठ्ठा घरी घेऊन आले आणि पुढची सगळी भारतीय कसोटी संघनिवड त्या कार्डांवर झाली. पट्टीवर बॉलपेननं एकाखाली एक अकरा नावं. नाव लिहिता लिहिता मध्ये भोक आलं की अण्णा थबकतात. "इथं प्रॉब्लेम हाय," म्हणतात. भारताची सलामीची जागा गेली कित्येक वर्षं त्यांच्या कार्डावर भोकातच येते, हे मात्र मानलं पाहिजे.

बॅट त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही मोटारीची उघडी वायर बाजूला सारायला. पण निवडायला खेळावं लागतं असं कोण म्हणतं? वरपक्षाकडून मुलगी बघायला जाणारा मामा कुठं स्वैपाक करून दाखवतो?

खेळाडूंकडे अण्णा त्या मामाच्याच नजरेनं बघतात. मुलगा चांगला आहे, पण. सगळं त्या 'पण'मध्ये. मयंक अगरवाल चांगला आहे, पण पाय हलत नाही. नवदीप सैनी चांगला आहे, पण टप्पा सापडत नाही. शार्दूल ठाकूर चांगला आहे, पण 2018 मध्ये हैदराबादला पहिल्याच कसोटीत दहा चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला. "दहा चेंडू! एवढ्यात आपला चहा पण होत नाही ओ," असं त्यांनी चहावाल्याकडे बघून म्हटलं. तो टोमणा शार्दूलला होता की चहावाल्याला, ते कळलं नाही. चहा मात्र लगेच आला.

अण्णांच्या निवडीचा पाया एकच आहे: जो संघात नाही, तो संघात असलेल्यापेक्षा भारी. पृथ्वी शॉ ॲडलेडला खेळला तेव्हा त्याच्या बॅट-पॅडमधल्या फटीतून गड्ड्यातला पाळणा आरपार जाईल, असं हेच म्हणाले होते. त्याच सामन्यात, 19 डिसेंबरला, सगळा संघ 36 धावांत आटोपला आणि पुढच्या कसोटीतून शॉला वगळलं. दोनच दिवसांत अण्णांचा गळा दाटून आला. "पोराला अजून एक चान्स द्यायला पाहिजे होता." हनुमा विहारीचंही तसंच. सिडनीला शेवटच्या दिवशी तो 161 चेंडू खेळून 23 वर नाबाद राहिला. मांडीचा स्नायू दुखावलेला, धावताही येत नव्हतं. पहिल्या शंभर चेंडूंपर्यंत अण्णा "आरं, मार की एखादा!" म्हणून टीव्हीकडे हात नाचवत होते. सामना वाचला आणि विहारी पुढच्या कसोटीला मुकणार हे कळलं, तसं त्यांनी जाहीर केलं की आता विहारीशिवाय संघाला कणाच उरलेला नाही.

तसं बघायला गेलं तर असा एक सिलेक्टर प्रत्येक गावात, प्रत्येक पारावर असतो. पुण्यातला बोलताना आकडेवारी देतो, मुंबईतला ओळखी सांगतो. सोलापूरचा मात्र वारसाहक्क सांगतो. पॉली उम्रीगर 28 मार्च 1926 रोजी आमच्या सोलापुरात जन्मले. भारतासाठी 59 कसोट्या खेळले, 12 शतकं ठोकली आणि कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक, न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला 223, त्यांचंच. पण अण्णांना या धावांचं विशेष कौतुक नाही. त्यांचा जीव अडकलाय पुढच्या कारकिर्दीत. 1978 ते 1982 उम्रीगर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. "म्हणजे टीम कशी निवडायची ते या मातीतच हाय. धावा काय, कोण पण काढतंय!"

दुसरं दैवत विजय मर्चंट. 1971 च्या जानेवारीत त्यांनी आपलं अध्यक्षाचं निर्णायक मत टाकून पतौडीऐवजी अजित वाडेकरांना कप्तान केलं, आणि त्याच वर्षी आपण आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग 24 ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडमध्ये मालिका जिंकलो. चंद्रशेखरनं 38 धावांत सहा गडी कापले होते. अण्णा ही कथा सांगताना चंद्रशेखरचं नाव एकदा घेतात आणि मर्चंटचं सात वेळा.

टपरीवरची समिती एकूण पाच जणांची. अध्यक्ष अण्णा, निर्णायक मतही त्यांचंच आणि साधं मतही त्यांचंच. पूर्व भागातला एक रिक्षावाला, घरी तेलुगू बोलणारा. अक्कलकोटकडचा एक किराणा दुकानदार, घरी कन्नड बोलणारा. चहावाला, जो कुठल्याच भाषेत उधारी मागत नाही. आणि मी, लेखनिक. सोलापुरात भाषा तीन आणि क्रिकेटच्या जागा अकराच, त्यामुळे वाटपाचा प्रश्न कायम बिकट. विहारी आंध्रचा, सिराज हैदराबादचा, म्हणून ते रिक्षावाल्याचे. राहुल आणि मयंक दुकानदाराचे. रहाणे, शार्दूल आमचे. रोहित शर्मा वादग्रस्त प्रदेश. वाढला मुंबईत, पण आई विशाखापट्टणची. सीमाप्रश्नासारखाच तोही अनेक वर्षं भिजत पडलेला आहे. एका बैठकीत रिक्षावाल्यानं रोहितवरचा हक्क सोडायच्या बदल्यात सिराजला नवा चेंडू मागितला होता आणि दुकानदारानं मध्येच राहुलसाठी यष्टिरक्षण मागून सगळा करार मोडला होता.

त्या चार दिवसांत अण्णांच्या तोंडावर जे तेज होतं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कारणच तसं होतं. शमी, उमेश यादव, राहुल आधीच घरी परतलेले. जाडेजाचा अंगठा मोडलेला. विहारीची मांडी. अश्विनची पाठ. आणि बुमराहच्या पोटाचा स्नायू. नेहमी फार तर एक जागा रिकामी असते आणि तिच्यावर अण्णांना वर्षभर भागवावं लागतं. इथं दुष्काळात धरण फुटल्यासारखं झालं. एकेक बातमी आली की अण्णा आधी "अरेरे" म्हणत आणि मग खिशातून नवं कार्ड काढत. 'अरेरे' आणि कार्ड यांच्यातलं अंतर बुधवारपर्यंत इतकं कमी झालं की 'रेरे' ऐकूच येईना.

बुधवारी भोगी. काकूंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात घालून टपरीवर पाठवली, कारण नवरा जेवायला घरी येईल ही आशा त्यांनी सोमवारीच सोडली होती. डबा उघडता उघडता प्रश्न निघाला: अश्विनच्या जागी कोण? कुलदीप की वॉशिंग्टन सुंदर?

"कुलदीप," अण्णा म्हणाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

"सुंदर बॅटिंग पण करतंय की," रिक्षावाला.

"कुणी सांगितलं? 2017 नंतर रणजी तरी खेळलंय का त्ये? नेटमध्ये बॉल टाकायला ठेवून घेतलंय. मांडव घालायला आलेल्या माणसाला कुणी बोहल्यावर उभं करतंय का बे?"

हे एवढं चपखल होतं की समिती गप्प झाली. नटराजनबद्दलही तेच म्हणाले: तोही नेटमध्ये गोलंदाजी करायलाच गेलेला. शार्दूल तर दहा चेंडूंवाला. संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत चौदा कार्डं भरली. एकात बुमराहला पोट बांधून खेळवलं होतं. एकात सहा गोलंदाज होते. एकात मोजले तर बारा जण निघाले. हे दाखवून दिल्यावर अण्णा म्हणाले, "पाऊस पडला तर?" संक्रांतीला त्यांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, पण गोड बोलायची अट संघ जाहीर होईपर्यंत स्थगित ठेवली.

मेलबर्न आणि सिडनीला आपला संघ आदल्या दिवशी जाहीर झाला होता. या वेळी व्यवस्थापनानं सांगितलं, सकाळी ठरवू. अण्णांना हा थेट आपल्याला पाठवलेला निरोप वाटला. "थांबलेत ते," एवढंच म्हणाले. कुणासाठी थांबलेत हे सांगायला ते विनयानं विसरले.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर होतो. आमचा कट्टा त्याच्या बरोबर उलटा. चार दिवसांत एका नावावर संमती झाली असेल तर रहाणेच्या, तीही तो कप्तान असल्यामुळे काढता येत नव्हता म्हणून. पण 1930 मध्ये ज्या गावानं मार्शल लॉ ओढवून घेतला पण मान तुकवली नाही, त्यानं निवड समितीपुढं काय म्हणून वाकावं?

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला माझं दार वाजलं. बाहेर अण्णा. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत चादर, चादरीवर मोर, मोराच्या पोटातून बाहेर आलेल्या हातात कार्ड. पाचला नाणेफेक. ऑस्ट्रेलियानं जिंकून फलंदाजी घेतली. मग आपली नावं पडद्यावर आली. मयंक. शार्दूल. नटराजन. सुंदर.

अण्णा काही बोलले नाहीत. कार्ड बघितलं, पडदा बघितला. पाचही गोलंदाजांचे मिळून कसोटीतले बळी डझनभरही भरत नव्हते आणि समोर ते मैदान, जिथं 1988 पासून ऑस्ट्रेलिया एकही कसोटी हरलेली नव्हती. "संपलं," म्हणाले. संपलं ते मॅचबद्दल असावं असं मला आधी वाटलं. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चादर सारखी केली आणि पहिला चेंडू पडायच्या आत सोफ्यावर झोपून गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णांची कसोटी सोमवारी सुरू झाली होती आणि नाणेफेकीला आटोपली होती. पुढं अकरा माणसं काय करतात हा तपशिलाचा भाग होता. माणूस नेमेपर्यंतच ऑफिसात उत्साह असतो, पुढं तो काम करतो की नाही कोण बघतंय!

पण मॅच संपायचं नाव घेईना. पहिल्याच डावात ठाकूर, सुंदर आणि नटराजन, तिघांनी तीन-तीन गडी काढले. मग आपले सहा गडी 186 वर गेले आणि मांडव घालायला आलेले दोघं, सुंदर आणि शार्दूल, बोहल्यावर चढून 123 धावांची भागीदारी करून बसले. सुंदर 62, शार्दूल 67. अण्णा टपरीवर आले, पण पाठ टीव्हीकडे करून बसले. सिराजनं दुसऱ्या डावात पाच गडी घेतले तेव्हा रिक्षावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि अण्णांच्या कपात साखर जास्त घालायला सांगितली.

मंगळवार, 19 जानेवारी. जिंकायला 328. गिल 91, पुजाराच्या अंगावर चेंडूंचे वळ आणि नावावर 56, आणि शेवटी पंत, नाबाद 89. पंतचा चेंडू सीमेकडे गेला तसा दुकानदार टपरीच्या फळीवर चढून "हर्र बोला हर्र!" म्हणून ओरडला. त्या वर्षी मिरवणुकीत ओरडायचं राहून गेलेलं सगळं त्या एका आरोळीत निघालं. तीन गडी राखून, 36 च्या नामुष्कीनंतर बरोबर एका महिन्यानं.

सगळे अण्णांकडे वळले. रिक्षावाल्यानं तर हातच पुढं केला. "अण्णा, कार्ड दाखवा की. भोगीचं."

अण्णांनी शांतपणे खिशातून गठ्ठा काढला, थुंकी लावून चाळला आणि एक पट्टी आमच्यासमोर उन्हात धरली. रोहित, गिल, पुजारा, रहाणे, मयंक, पंत अशी नावं नीट ओळीनं. सातव्या जागी भोक होतं. त्यातून पलीकडचा चौक दिसत होता.

"बघा," अण्णा म्हणाले. "सुंदरची जागा मी मोकळीच ठेवली होती."

"आणि कुलदीप?"

"त्ये खाली हाय. आठवा. त्याचं बघू आता."

संध्याकाळी इंग्लंडविरुद्धच्या चेन्नईच्या कसोट्यांसाठी अठरा जणांचा संघ जाहीर झाला. मी बातमी सांगायला गेलो, तर अण्णा गठ्ठ्यातली जरा लांब पट्टी शोधत होते.

"अठरा!" म्हणाले. "त्यातले सात काढायचेत. बस बे, पेन दे."