श्रेयांकांची ठेव आणि कॅमेरा

श्रेयांक म्हणजे वर्गात बसल्याचा हिशेब: साधारण 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक झाले की एक पदरात. 2021 पासून हे जमा करायला सरकारी बँकही आहे. ठेव सात वर्षे टिकते, व्याज शून्य. सेवाग्रामच्या बी.एस्सी.वाल्याने ही पुंजी, झेरॉक्सच्या गठ्ठ्यासह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे नेली, तर दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे प्रकाशशास्त्राचे श्रेयांक फाटकापर्यंतच. पुढे प्रवेशपरीक्षा, मग श्रीगणेशा, प्रकाशासकट. आणि हे रास्तच. भिंगाचे सूत्र पाठ असलेल्याला चौकट दिसतेच असे नाही. हातकामाचा हिशेब मात्र तासांचा नव्हता: 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी बसवला, तेव्हा सूत गुंडीत मोजत. आता 30 तास कातले की एक श्रेयांक.