कव्हरकाका

शिवडीच्या खाडीतले फ्लेमिंगो परत गेले की आमच्या चाळीच्या पॅसेजमध्ये कव्हरकाका चटई टाकतात. समोर खाकी कागदाचा रोल, स्टेपलर, सेलोटेप, लोखंडी पट्टी आणि एक कात्री. या कात्रीला दुधाच्या पिशवीसाठी हात लावला म्हणून काकूंनी एका जूनमध्ये दोन दिवस अबोला सोसला आहे. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात संसार मावतो, सणाला आलेले पाहुणे मावतात. काकांचं शालेय वर्ष मात्र मावत नाही. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याने पुस्तकं ओलांडून जायचं. पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, काका बघत असतात.

त्यांची थोरली यंदा सहावीत गेली, धाकटा दुसरीत. पण कव्हरं अख्ख्या मजल्याची. माझ्या मुलाची पुस्तकं मी एकदा घरीच उरकली होती. काकांनी दारातूनच एक उचललं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "वहिनी, कोपरा मारला नाहीत? बिनबटणाचा शर्ट घालून पाठवाल का पोराला?" संध्याकाळपर्यंत सगळी कव्हरं नवी. लेबलावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय. 'विषय' लिहिताना त्यांची जीभ दाताखाली येते आणि त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

सरकारने या माणसाचा फार छळ केला आहे. 2023 साली पाठ्यपुस्तकं चार-चार भागांत आली, दप्तर हलकं व्हावं म्हणून. काका खूश, कारण कव्हरं वाढली. त्या पुस्तकांत पाठांबरोबर कोरी पानंही होती, मुलांनी तिथेच नोंदी कराव्यात म्हणून. काकांनी थोरलीला बजावलं, "लिहायचं नाही. पुस्तक खराब होतं." पानं वर्षभर कोरीच राहिली. 2025 च्या वर्षापासून सरकारनेही ती काढून टाकली, तेव्हा काका म्हणाले, "आम्ही आधीच सांगत होतो."

त्याच 2025 मध्ये धाकटा पहिलीत गेला. 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि काकांनी त्याच आठवड्यात हिंदीची वही आणून, कव्हर घालून, लेबल लावून टाकलं. 16 जूनला शाळा उघडली, दुसऱ्याच दिवशी आदेश बदलला. काकांनी लेबलावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. 29 जूनला दोन्ही आदेश रद्द झाले. त्या वहीत आता काकू दुधाचा हिशोब लिहितात. वहीचं कव्हर मात्र अजून कोरं करकरीत आहे.

पावसानेही त्यांना त्याच वर्षी फसवलं. मृग लागल्याशिवाय रेनकोट घ्यायचा नाही हा काकांचा नियम, आणि मुंबईत मान्सून आला 26 मे रोजी, पंचाहत्तर वर्षांत सगळ्यांत लवकर. दादरला भर पावसात, स्वतः छत्रीशिवाय, त्यांनी रेनकोट घेतले, ते दोन साइज मोठे. "वाढत्या अंगाचे आहेत." धाकट्याचा रेनकोट अजून त्याच्या आधी जिना उतरतो.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको, हा नियम काकांना तोंडपाठ. एकदा खात्री करायला ते दप्तर घेऊन टी. जे. रोडवरच्या रद्दीवाल्याकडे गेले. त्याने तराजूवर ठेवलं, आकडा सांगितला आणि विचारलं, "वह्या वेगळ्या करू की सगळं एकाच भावात?" काका आठवडाभर त्या रस्त्याने गेले नाहीत.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी सहालाच त्यांचा प्रश्न पडलेला असतो : आज पीटीचा ड्रेस की नेहमीचा? उत्तर थोरलीला आदल्या दिवसापासून माहीत असतं. पण तिला कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी पोरं वर्गात जाऊन भांडायलाही लागतात, तरी हे फाटकापाशी उभे. धाकट्याने एकदा आतून हात हलवून सांगितलं, "पप्पा, जा ना आता!"

मीही हसले होते. मग एका दुपारी लेबलं सुकत असताना काका सहज बोलून गेले. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा काका रांगते होते. शाळेत जाईपर्यंत गिरणीचा पगार हा घरात फक्त आठवणीचा विषय उरला होता. पुस्तकं मजल्यावरच्या मोठ्या मुलांची, अर्ध्या किमतीत, तीही हप्त्याने. कव्हर जुन्या कॅलेंडरच्या पानांचं. त्यांच्या इतिहासावर संकष्टी होती आणि गणितावर अमावास्या. पहिल्या पानावर आधीच्या दोघांची नावं खोडलेली, तिसरं यांचं. "नववीत एकदा नवीन भूगोल मिळाला," ते म्हणाले, "वर्षभर वास घेतला. मार्क पस्तीस."

मला तर वाटतं, शाळेचं नवं वर्ष मुलांचं नसतंच. त्यांना जुनेच मित्र हवेत, जुनाच बाक, डब्यात जुनीच बटाट्याची भाजी. नवं दप्तर आपल्याला हवं असतं. परवा मुलाच्या कंपासपेटीतली पेन्सिल टोक करता करता मी दुसरी घेतली, मग तिसरी. तो टीव्ही बघत होता.

तर शिवडीत कुणाची पुस्तकं तशीच पडली असतील, तर रविवारी सकाळी घेऊन या. खाकी कागद आपापला आणावा. कव्हराचे पैसे काका घेत नाहीत, पण तुमच्या पोराच्या अक्षराबद्दलचं त्यांचं मत पूर्ण ऐकून घ्यावं लागेल.