पापनिवेदन कसं करावं: १२१५ नंतरच्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुम्ही पश्चिम युरोपातले ख्रिस्ती आहात आणि कळत्या वयाचे आहात, म्हणजे वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपुढं सगळी पापं सांगणं तुम्हाला सक्तीचं आहे. पोप तिसरे इनोसन्ट यांनी भरवलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेनं तसा नियमच केलाय. टाळलंत तर जिवंतपणी चर्चचं दार बंद आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. तेव्हा ईस्टरच्या आत उरकून टाका.

आडोसा शोधू नका. जाळीची लाकडी खोली यायला अजून साडेतीनशे वर्षं आहेत. धर्मगुरूजवळ उघड्यावरच बसा आणि हळू बोला, मागं शेजारीण ताटकळते आहे. धर्मगुरू मात्र गुपित फोडणार नाही. फोडलंच तर पद जाईल आणि उरलेला जन्म कडक मठात प्रायश्चित्त करण्यात.

'मी चोरी केली' एवढ्यावर भागत नाही. कोण, काय, कुठं, कुणाच्या मदतीनं, कशासाठी, कशी, केव्हा: सातही उत्तरं तयार ठेवा. पाव उचललात? भुकेपोटी की सवयीनं? बाजारातून की चर्चमधून? एकट्यानं की मेव्हण्याला घेऊन? जुन्या प्रायश्चित्त-पुस्तिकांत सरळ दरपत्रकच असे, अमुक पापाला इतके दिवस कोरड्या भाकरीवर. आता मनात काय होतं तेही खोदून विचारतात. न्यायाधीशांनाही या चौकशीची गोडी लागणार आहे. गुन्ह्याला नुसती कृती पुरत नाही, मनही दोषी लागतं, हे इंग्रजी कायद्यातलं सूत्र मुळात संत ऑगस्टिनच्या खोट्या शपथेवरच्या प्रवचनातलं.

आता कोर्टाकडं वळू. तापलेलं लोखंड हातात धरायचं आणि देवानं निकाल द्यायचा, ही सोय संपली. त्याच परिषदेनं धर्मगुरूंना असल्या दिव्यांना आशीर्वाद द्यायची मनाई केली. इंग्लंडनं ज्यूरी धरली. बाकी युरोपात गंभीर गुन्ह्याला दोन प्रत्यक्षदर्शी हवेत, नाहीतर आरोपीची कबुली. दोन साक्षीदार जमवून चोरी करणारा चोर विरळाच! म्हणून कबुली ही पुराव्यांची राणी ठरली, आणि राणीला आणायला दोरखंड आला.

इथं नवशिके हमखास फसतात. धर्मगुरू आणि न्यायाधीश, दोघंही 'मन मोकळं करा' म्हणतात. पहिल्यापुढं केलंत तर उपास, दुसऱ्यापुढं केलंत तर फास. (पोलिसापुढची कबुली पुराव्यात धरायचीच नाही, हा १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातला शहाणपणा तुमच्या काही कामाचा नाही. तुम्ही फार लवकर जन्मलात.)

कायदा तसा काटेकोर आहे, बरं का. छळाखाली दिलेली कबुली तशीच चालत नाही. नंतर, छळाच्या खोलीबाहेर, ती स्वखुशीनं पुन्हा द्यावी लागते. स्वखुशी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. तुम्हाला परत आत नेतील.